सैतानाचं तोंड कुणी रंगवायचं

४ फेब्रुवारी

चि. चिंगीस ताईचे अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझं पत्र नाही, खुशाली नाही, पण तुझा सिनेमा आला. चौकातल्या थिएटरवर तुमच्या रक्तपिपासू राणीचं दुमजली तोंड लावलंय, ओठाच्या कडेला एक ओघळ. आत्या म्हणाली की आपल्या पोरीने रंगवलेला सिनेमा आहे, पहिल्याच खेळाला गेलं पाहिजे. मी म्हटलं, मला चुना भिजवायचाय. पण तिच्यापुढे माझं कधी काही चाललंय? प्रत्येक किंकाळीला ती माझा दंड आवळत होती, आणि मधूनमधून शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की ती पडद्यावरची कमान आमच्या चिंगीने काढलीय. त्या बाईने शेवटी उठून जागा बदलली.

काम झकास केलंयस. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे माझ्याच्याने लिहवणार नाही.

पहिलं रीळ संपेपर्यंत माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. राणीच्या तळघराच्या कमानीवर जे काही आहे ते सगळं आपल्या चर्चच्या भिंतीवरचं आहे. फांदीला विळखा घालून बसलेला साप, सात डोक्यांचं श्वापद, कफन गुंडाळलेल्या अवस्थेत कबरीतून चालत येणारा माणूस. तुमची गोष्टसुद्धा शास्त्रातलीच, फक्त उलटी पांघरलेली. तिसऱ्या दिवशी कबरीतून उठते ती राणी. पेला पुढे करून हे माझं रक्त, प्या म्हणजे मरण नाही, असं गावकऱ्यांना सांगते तीही राणीच. माझ्या पुढच्या रांगेतला घड्याळजी भीतीने खुर्चीत निम्मा झाला होता. सगळं थिएटर थरथरत होतं आणि मी एकटी हेव्याने जळत बसले होते.

लहानपणापासून हे असंच आहे. चर्चच्या भिंती रंगवताना बाबांनी मला देवदूत दिले आणि तुला जनावरं. मी पिसामागून पीस काढत मान मोडून घ्यायचे, आणि चर्चमध्ये शिरणारा प्रत्येक माणूस सरळ तुझ्या श्वापदापाशी जाऊन त्याची डोकी मोजायचा. माझ्या देवदूतांकडे फक्त छत गळायला लागलं की लोक बघायचे.

आता मुद्द्याचं. बाबा गेले तेव्हा शेवटच्या न्यायाची भिंत पुरी होत आली होती, पण सैतानाचं तोंड त्यांनी कोरं ठेवलं होतं, ते तुला माहीत आहेच. ते शेवटी काढू, असं बाबा म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. दुरुस्ती संपून मे महिन्यात चर्च पुन्हा उघडायचं आहे. मी एकटी त्या भिंतीशी झुंजतेय, आणि ते तोंड माझ्याकडेच येणार हे मी धरून चालले होते. काल दातांचे डॉक्टर, म्हणजे आपल्या समितीचे अध्यक्ष, परांचीखाली येऊन उभे राहिले. त्यांनीही सिनेमा पाहिलाय. मला म्हणाले की पंख वगैरे तुमचे छानच आहेत, पण सैतानासाठी धाकट्या बाईंनाच बोलावू या, त्यांचा हात त्यात बसलाय. मी वर, हातात कुंचला, आणि ते खालून मला हे सांगतायत. कुंचला त्यांच्या टकलावर पडला नाही हे त्यांचं नशीब.

ते तुला पत्र धाडणार आहेत. तू नकार कळव. कामाचं निमित्त सांग, तब्येतीचं सांग, काय हवं ते सांग. तुझ्याकडे मोठमोठे पडदे आहेत, माझ्याकडे ही एक भिंत आहे.

रागात लिहिलंय, तरी माया जागच्या जागी आहे. तिकडचीही तशीच असू दे.

तुझी
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग हसू पुरलं नाही. डॉक्टरांच्या टकलावर कुंचला पडायला हवा होता असं मलाही वाटलं. आत्याला सांग की तिने जागेवरून उठवलेल्या बाईचे पैसे स्टुडिओ परत देणार नाही.

सगळं आपल्या भिंतीवरचं आहे म्हणतेस, ते खरं आहे. मी दुसरं काय बघून मोठी झाले? इथे मला घेतलं ते त्यासाठीच. आमचे दिग्दर्शक एका पाद्र्याचे चिरंजीव. लहानपणी दर रविवारी बापाच्या तोंडून नरकाचं वर्णन ऐकून पांघरुणात थरथरायचे, आणि आता तेच लोकांना तिकीट लावून दाखवतात. ते म्हणतात, घाबरवायचं असेल तर आधी पवित्र काय ते दाखवावं लागतं. क्रूस नसेल तर भूत म्हणजे नुसता घरात शिरलेला चोर. कुठलाही चांगला भयपट सोलून बघा, आत शास्त्रच निघतं, असं त्यांचं मत आहे. उघडू नको म्हटलेलं दार म्हणजे खाऊ नको म्हटलेलं फळ. मातीपासून माणूस घडवणारा वेडा डॉक्टर म्हणजे देवाच्या खुर्चीवर बसायला निघालेला माणूस. गावावर उंदीर आले, पाणी लाल झालं, की समजायचं शास्त्रातल्या मिसर देशावरच्या पीडा आल्या. मी ऐकते आणि मला वाटतं, हे तर बाबा चुना मळता मळता सांगायचे.

बाकी इथली मजा ऐक. सिनेमा काळा-पांढरा, त्यामुळे आमच्या रंगांना काही धरबंदच नाही. लाल रंग पडद्यावर नुसता काळपट डाग होतो, म्हणून माझ्या सैतानाचे गाल हिरवे आहेत आणि राणीचं रक्त म्हणजे साखरेचा जळका पाक. तिच्या पायाशी कायम मुंग्या. पवित्र पाणी नळाचं असतं. तरी दिवे धरणारी धट्टीकट्टी माणसं जेवायच्या सुट्टीत शवपेटीवर बसत नाहीत, जमिनीवर बसतात. मी विचारलं तर म्हणाले, लाकूड खोटं असलं तरी आकार खरा आहे.

आणि ती कमान, जी आत्याने सगळ्या थिएटरला दाखवली, ती आता नाही. शेवटच्या आगीच्या दृश्यात जाळली. प्लास्टर आणि गोणपाट, भसाभस पेटलं. मी कॅमेऱ्यामागे उभी होते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी एका विनोदी सिनेमाचा दिवाणखाना उभा राहिला.

डॉक्टरांचं पत्र आलं, ताई. मी होकार कळवलाय. तू रागावशील हे ठाऊक असून कळवलाय. एप्रिलमध्ये चित्रीकरण संपलं की येते. ती भिंत बाबांची आहे आणि मीही त्यांचीच मुलगी आहे. माझं एक तरी काम उभं राहावं असं मला वाटतं, याच्यापलीकडे माझ्याकडे कारण नाही.

धाकटीवर लोभ असू दे, थोडा ओरडून का होईना.

तुझी
चिंगी


२२ फेब्रुवारी

चि. चिंगीस,

आशीर्वाद घरातल्या रीतीप्रमाणे आहेत असं समज.

मी तुझा सिनेमा पुन्हा पाहिला. कुणाला न सांगता गेले. का गेले ते विचारू नकोस, दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तशी गेले. आणि या वेळी राणीकडे न बघता फक्त कमानीकडे बघत बसले.

पहिल्या खेळाला आत्याच्या पकडीमुळे मला नीट दिसलं नव्हतं. कमानीच्या अगदी माथ्यावर तो स्वर्गातून ढकललेला देवदूत, म्हणजे सैतान, आहे, मान वर करून बंद दाराकडे बघणारा. राणी उठायच्या आधी कॅमेरा त्याच्या तोंडावर जातो आणि तिथेच रेंगाळतो. सगळ्या सिनेमात लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते तिथे. ते तोंड माझं आहे, चिंगी. जुळलेल्या भुवया माझ्या, हनुवटीवरची खळी माझी, खालचा ओठ आत ओढून धरायची सवय माझी. रागाला आले की मी असाच ओठ धरते, हे तुझ्याहून जास्त कुणाला ठाऊक?

बाबांचा नियम तू विसरलेली नाहीस. मनाने चेहरा काढायचा नाही. प्रत्येक तोंड जिवंत माणसाचं हवं, आणि ज्याचं घेतलं त्याला सांगायचं नाही. आपला पेत्र म्हणजे कोळशाच्या वखारीचा मालक, आणि नोहा म्हणजे पोस्टातला म्हातारा शिपाई. तो नोहासमोर रोज उभा राहून प्रार्थना करायचा आणि त्याला मरेपर्यंत कळलं नाही. नियम तू नीट पाळलास. जिवंत बहीण घेतलीस आणि तिला सांगितलं नाहीस. संतांमध्ये मला जागा दिली नसतीस तरी चाललं असतं. गर्दीतली एखादी बाई केली असतीस. पण मला सैतान केलंस?

हे फक्त माझ्या मनाचं नाही. चर्चच्या गायनवृंदातल्या बाई परवा गायन झाल्यावर माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मग म्हणाल्या की तुम्ही त्या सिनेमात कुठे दिसलात का. मी म्हटलं मी रंगारी आहे. त्या म्हणाल्या, नाही, तुम्ही फार ओळखीच्या वाटता, आणि एक पाऊल मागे सरकल्या.

तुला मी काय केलं होतं? बाबांच्या आजारपणात तू दूर होतीस याचा मी एका शब्दाने उल्लेख केला नाही. तुझे पैसे येत होते, तुझी पत्रं येत होती, तेवढं पुरेसं होतं. बदल्यात तू माझं तोंड घेतलंस, हिरवे गाल लावलेस, आणि आता बाबांच्या भिंतीवरचं तोंडही घ्यायला येतेयस.

येऊ नकोस. आलीसच तर चर्चच्या मागच्या दाराची चावी माझ्याकडे आहे आणि ती माझ्या कमरेला आहे.

ताई


५ मार्च

चि. चिंगीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

माझं अक्षर मोठं आहे त्यामुळे कागद लवकर संपेल, तेव्हा थोडक्यात लिहिते. तुम्हा दोघींचं काय बिनसलंय ते मला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून मी दोन्ही पत्रं वाचली, तुझं आलेलं आणि तिचं धाडायच्या आधी. ती टेबलावर ठेवली तर दुसरं काय होणार?

तुझी ताई सकाळी जाते ती अंधार पडता पडता येते. तुझ्या येण्याआधी ते तोंड पुरं करून टाकायचं तिच्या मनात आहे. काल मी डबा घेऊन गेले तर परांचीखालची फरशी पांढरी झालेली. ओल्या गिलाव्यावर काढायचं, वाळायच्या आत आवडलं नाही तर सगळा थर खरवडून टाकायचा, हे तुला मी काय सांगणार, मी फक्त ती फरशी पुसते. ती काढते आणि खरवडते, काढते आणि खरवडते. मी वर चढून पाहिलं. हो, चढले, मला अजून चढता येतं. भिंतीवर तू होतीस. नाकपुड्या फुगवून हसतेस ना, चॉकलेट चोरल्यावर हसायचीस तशी. मी म्हटलं, अगं ही तर चिंगी. तिने खरवडणी घेतली आणि माझ्यादेखत तुझं नाक उडवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तूच. ताई म्हणते, मी दुसरं कुणाचं तरी काढायला बसते आणि हात तिच्यावर जातो.

आता मी एक म्हणते. तुम्ही दोघी एकमेकींना सैतान करत बसला आहात, आणि मला म्हातारीला दोन्ही चेहऱ्यांतला फरक सांगता येत नाही. भुवया त्याच, खळी तीच. तुमच्या आईकडची खळी ती, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं. त्या कमानीवर तू नक्की कुणाला काढलंस ते तिला नीट लिहून कळव. मलाही कळव, कारण मी त्या थिएटरात सगळ्यांना सांगून बसलेय.

जेवत जा. पाकावरच्या मुंग्यांपासून सावध राहा. म्हातारीची आठवण असू दे.

आत्या


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र आलं. तू माझं नाक उडवलंस ते कळलं. राग आला आणि खरं सांगू का, थोडं बरंही वाटलं.

ते तोंड तुझं नाही. माझं आहे.

दिग्दर्शकांना तो पडलेला देवदूत भयंकर हवा होता. मी शिंगं काढली, सुळे काढले, त्यांनी सगळं नापसंत केलं. ते म्हणाले की सैतान आधी देवदूतच होता, तो कुरूपपणामुळे पडला नाही. दार बंद झाल्यावर आत कोण बसलंय ते आठवून तो जसा वर बघेल तसं तोंड मला द्या. नियमाप्रमाणे जिवंत माणूस हवा. नटांना बसवून पाहिलं, ते दुष्टपणा दाखवायला लागले की दात काढतात. शिंप्याला बसवलं, तो झोपला.

त्याच सुमाराला तुझं एक पत्र आलं होतं. बाबा गेल्यानंतरचं. तू लिहिलं होतंस की समितीने भिंत तुझ्या हवाली केली, आणि तू पहिल्यांदा एकटी परांचीवर चढलीस आणि बाबांच्या जागी बसून खिडकीजवळची देवदूतांची रांग पुढे न्यायला घेतलीस. किती आनंदाने लिहिलं होतंस. मी ते रंगाच्या खोलीत वाचलं. तिथे एक आरसा आहे, नटांनी टाकून दिलेला. वाचून मान वर केली तर समोर तोंड होतं. मी बसले आणि ते काढलं. हात थांबला नाही.

तू तुझ्याबद्दल लिहितेस, लोक जनावरांकडे बघायचे म्हणून. मला काय वाटायचं ते कधी विचारलंस? बाबा म्हणायचे की जनावरं कुणालाही येतात, देवदूताला हात स्थिर लागतो. मी मागितला की म्हणायचे, तुझा हात अजून बसला नाही. एक पीससुद्धा त्यांनी मला कधी काढू दिलं नाही, ताई. तू त्यांच्या शेजारी वरच्या फळीवर, आणि मी खाली सात डोक्यांना खवले लावत बसलेली. लोक माझ्याकडे बघायचे आणि मी वर तुझ्याकडे. स्वर्गाच्या दाराकडे बघणारं ते तोंड काढायला मला कल्पनाशक्ती लागली नाही.

गायनातल्या बाईंना सांग की बहिणी सारख्या दिसतात. त्या एक पाऊल पुढे येतील.

मी नकार कळवलेला नाही. मोठेपणा दाखवून ते तोंड तुला देते असंही लिहिणार नाही, कारण मला ते हवंय, आत्ता लिहितानाही हवंय. पण चावी तुझ्या कमरेला आहे आणि ती तिथेच बरी दिसते. तू उघडशील तर येईन.

रागातला का होईना, लोभ कायम ठेव.

तुझी
चिंगी


९ एप्रिल

चि. चिंगीस ताईचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आल्यावर मी एक आठवडा भिंतीकडे गेलेच नाही. घरात बसून आत्याची कपाटं आवरली. ती वैतागली.

मग एक दिवस न्हाणीघरातला आरसा काढला आणि परांचीवर नेऊन टेकवला. तुझ्या सांगण्यावरून नेला असं समजू नकोस. तुला जे आरशात दिसलं ते मला दिसतं का, हे बघायचं होतं. दिसलं. अगं, मी घाबरले. इतकी वर्षं मी समजत होते की मी रागाने ओठ आत ओढते. राग कसला, तो हेवा होता. तुझ्या श्वापदाची डोकी मोजणाऱ्या लोकांकडे बघताना मी तोच ओठ धरून उभी असणार.

गिलावा चढवला आणि वाळायच्या आत काढलं. खरवडलं नाही. खाली उतरून पाहिलं. चिंगी, माझ्या हातून असं काम आजवर झालं नव्हतं. ते तोंड भिंतीवरून माझ्याच देवदूतांकडे बघतंय, आणि पहिल्यांदाच माझे देवदूत बघण्यासारखे वाटतात, कारण कुणीतरी त्यांच्याकडे जीव तोडून बघतंय. तुझे दिग्दर्शक म्हणतात ते पवित्र आणि भयाचं मला आत्ता कळलं.

इथवर सगळं चांगलं आहे. आता पुढचं ऐक.

परवा डॉक्टर सगळी समिती घेऊन आले. भिंतीवरचं कापड ओढलं. मग डॉक्टर छातीवर हात ठेवून म्हणाले की वा, हुबेहूब सिनेमातलं! धाकट्या बाई येऊन गेल्या आणि आम्हाला भेटल्यासुद्धा नाहीत! बाकीच्यांनी माना डोलावल्या. गायनातल्या बाई म्हणाल्या की हात ओळखू येतो. मी शेजारी उभी होते, कोपरापर्यंत चुन्याने माखलेली, आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं, बहीण म्हणून. मी फडक्याला हात पुसत राहिले. बोलायला तोंड उघडलं तोवर ते गेले. आज वर्तमानपत्रात त्या तोंडाचा फोटो आहे आणि खाली तुझं नाव आहे.

तुझी यात काही चूक नाही. हे मी मनाला दहादा सांगितलं, आणि दहाही वेळा तुझा गळा दाबावासा वाटला.

आत्या डॉक्टरांकडे जाऊन भांडून आली. ते म्हणाले की मोठ्या बाईंना सहभागाबद्दल शाल देऊ. मला शाल नको आहे. माझं आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम, आणि तेसुद्धा तुझं झालं.

आशीर्वाद आहेत. आज याहून जास्त काही निघत नाही.

ताई


१७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

समितीने मला वर्तमानपत्राचं कात्रण आणि वेगळा मोठा फोटो पाठवलाय, सोबत माझे आभार. मी रंगाच्या खोलीत उभ्या उभ्या पाकीट फोडलं.

काय लिहू? माझ्या कमानीवरचं तोंड बघून लोक घाबरतात. तुझं बघून मला त्याची कीव आली आणि मग स्वतःची आली, आणि मग भीती वाटली. माझ्याकडे हिरवे गाल आहेत, दिवे आहेत, पेटी वाजवणारा आहे, धूर सोडणारा आहे. तुझ्याकडे चुना आणि एक आरसा. मी फोटो दिग्दर्शकांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं की हे तुम्ही आमच्यासाठी का नाही काढलंत. मी म्हटलं, मला येत नाही म्हणून. हे तोंडाने म्हणताना काय झालं ते तुला सांगते: हेव्याने माझे कान गरम झाले. बाबा तुला वर बसवायचे तेव्हाही वाटला नव्हता इतका हेवा वाटला. जेवले नाही. फोटो उलटा करून ठेवला, पुन्हा सुलटा केला. अजून टेबलावर आहे आणि अजून मला त्याच्याकडे धड बघवत नाही.

डॉक्टरांना मी त्याच दिवशी लिहिलं की हा हात माझा नाही, मी तिकडे पाऊलही टाकलेलं नाही. त्यांचं उत्तर आलं की तुमचा विनय आम्हाला ठाऊक आहे. असल्या माणसाकडून लोक दात कसे काढून घेतात? तेव्हा मीच येते. चर्च उघडेल त्या दिवशी भिंतीसमोर उभी राहून सांगते. तेवढ्यानेही नाही पटलं तर एक कोरा कागद घेऊन सगळ्यांसमोर तेच तोंड काढायला बसते. जमणार नाही, आणि ते त्यांना दिसेल.

चावी दिलीस तर दाराने येईन, नाहीतर पायरीवर बसून राहीन. माझ्यावरचा राग पुरवून वापर, संपवू नकोस.

तुझी
चिंगी


२५ एप्रिल

चि. चिंगीस ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र मी वाचलं आणि मग हेव्याचा तो भाग आत्याला मोठ्याने वाचायला लावला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाच म्हटलं. ती म्हणाली की तुला लाज वाटत नाही का. वाटते. पण पोटात जे गार गार वाटलं ते लाजेहून मोठं होतं. बाबा गेल्यापासून त्या भिंतीबद्दल मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं, आणि इतर कुणी म्हटलं असतं तर मला पुरलं नसतं. मला ते तुझ्याकडूनच हवं होतं.

डॉक्टर पुन्हा आले होते. तुझं पत्र खिशातून काढून कौतुकाने दाखवत होते. मी वाद घातला नाही. तू येऊन तुझ्या तोंडाने सांग. कोरा कागद वगैरे तमाशा नको, नुसतं सांग. फक्त हळू आवाजात सांगू नकोस, मागच्या बाकांपर्यंत गेलं पाहिजे. मी पहिल्या रांगेत बसून ऐकणार आहे.

आणि सांगायच्या थोडी आधी ये. उत्तरेच्या कोपऱ्यातलं आभाळ राहिलंय. तेवढ्या मोठ्या जागेला गिलावा एकदा चढवला की वाळायच्या आत सगळा निळा भरावा लागतो, आणि ते एकटीच्या हाताने होत नाही. मी करून पाहिलं, मधोमध सांधा दिसतो. बाबा आणि मी मिळून करायचो. तुझे कुंचले घेऊन ये, माझे तुला मिळणार नाहीत. मागचं दार उघडं असेल. वरच्या फळीवर मी बसणार आणि खालच्या फळीवर तू, हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे आल्यावर भांडण नको.

माया आहे आणि हेवाही आहे. दोन्ही सामानात घेऊन ये.

तुझी
ताई